बळद

जालन्यास गेलेला मनुष्य बहुधा मोंढ्यांतील उलाढाल, लोखंडाचे कारखाने आणि बियाणांच्या कंपन्या पाहून परत येतो. आम्हीं या खेपेस त्यांतलें कांहींच पाहिलें नाहीं. घनसावंगी तालुक्यांतील जांब येथें श्रीसमर्थांच्या जन्मस्थानाचें दर्शन घेतलें, आणि तेथून जवळच्या एका खेड्यांत आमच्या आत्याबाईंच्या घरीं उतरलों. गोष्ट घरची असल्यामुळें गांवाचें नांव देत नाहीं. वाचकांनीं क्षमा करावी.

वाड्याच्या वांटणीचें काम निघालें होतें. दोघेही आतेबंधू समजूतदार, तेव्हां भांडण असें नव्हतें. तालुक्याहून आलेला एक तरुण लेखनिक फितीनें घर मोजून कागद तयार करीत होता. माजघरामागें चार हात रुंद व सहा हात लांब अशी एक जागा होती. ती त्यानें 'खोली, एक' म्हणून धाकट्याच्या नांवें लिहिली. वडील बंधूंच्या नांवें रस्त्याकडची खोली, तीही 'खोली, एक'. कागदावर दोन्ही सारख्याच. इतक्यांत आत्याबाई आंतून म्हणाल्या, "अरे, ती खोली नव्हे. बळद आहे तें. बळद लिही."

"म्हणजे काय, आजी? स्टोअररूम?" त्या मुलानें विचारलें.

मराठवाड्यांतील माळवदी वाडे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस हा प्रश्न पडावयाचा नाहीं. बळदास चारी बाजूंनीं जाड भिंती असतात. दार नाहीं, खिडकी नाहीं. वर माळवदांत एक साणें असतें. खळ्यावरची ज्वारी, चांगली वाळवून, कडुनिंबाच्या पाल्यासह त्यांतून ओतावयाची आणि वर फरशी बसवून कडा मातीनें लिंपावयाच्या. तळाशीं भिंतींत मुठीएवढें तोंड व त्यास लाकडी दट्ट्या. दट्ट्या काढला कीं ज्वारी आपोआप पायलींत पडते. नवें धान्य वरून पडतें आणि जुनें खालून निघतें, म्हणून जुनें आधीं खाल्लें जातें. त्यासाठीं कोणास लक्ष ठेवावें लागत नाहीं. चोरास तर शिरावयास वाटच नसते.

आपल्या भाषेंत सांठवणीच्या जागांस शब्दांची वाण नाहीं, पण एकाचें काम दुसऱ्यानें होत नाहीं. पेव जमिनीखालीं असतें. तें उघडल्यावर आंत उतरण्यापूर्वीं हवा जाऊं देतात व दिवा सोडून पाहतात. कारण कोंडलेल्या विषारी हवेनें माणसें दगावलीं आहेत. कोठार हा संस्कृत 'कोष्ठागारा'चा वंशज. तें देवस्थानाचें, गडाचें. पन्हाळ्याच्या अंबारखान्यांतील तिन्ही कोठारांस तर गंगा, यमुना व सरस्वती अशीं नांवें आहेत. कोठी कार्यांत मांडतात, आणि तिच्यावर कोणास बसवावें हा प्रश्न वर शोधण्याइतकाच नाजूक असतो, हें आमच्या वाचकभगिनी जाणतात. राजापुरास इंग्रजांची होती ती वखार. तो शब्द १९५७ सालीं स्थापन झालेल्या वखार महामंडळानें जिवंत ठेविला आहे. बळदास मात्र असा कोणी त्राता भेटला नाहीं. शेजारच्या गुजराथी भाषेंत बळद म्हणजे बैल. तेव्हां आमच्या बळदांत चाळीस पोतीं ज्वारी मावते, असें ऐकून एखाद्या गुजराथी पाहुण्यानें डोळे विस्फारले तर नवल नाहीं.

जालन्यास ठेव राखण्याची चिंता जुनीच आहे. १६७९ च्या नोव्हेंबरांत शिवाजीमहाराजांची स्वारी या श्रीमंत पेठेवर आली, तेव्हां तेथील धनिकांनीं आपलें द्रव्य सय्यद जान महंमद या अवलियाच्या मठांत नेऊन ठेविलें. साधूच्या जागेस हात लागणार नाहीं हा त्यांचा भरंवसा. तो फोल ठरला. आणि ज्या जांबेहून आम्ही आलों तेथील सर्वांस ठाऊक असलेली कथा एका अंधाऱ्या खोलीचीच: बाळ नारायण दिसेना म्हणून माय शोधूं लागली, तों तो अडगळींत बसून जगाची काळजी करीत होता. ती अडगळीची खोली, बळद नव्हे. बळदांत बाळ शिरता कोठून?

आत्याबाईंनीं मग आपली हकीकत सांगितली. १९७२ च्या दुष्काळांत त्या नव्या सून होत्या. गांवांत लोक दुष्काळी कामांच्या खडीवर जात, सुकडी खात, रेशनचा तांबडा मिलो आणीत. सासूबाई रोज सकाळीं बळदाच्या भिंतीवर बोटांनीं वाजवून पाहत. भरलेली भिंत बद्द वाजते, रिकामी पोकळ वाजते; तो आवाज रोज कांहीं बोटें खालीं उतरत होता. घरांत सतरा माणसें. दट्ट्यास हात लावण्याचा अधिकार एकट्या सासूबाईंचा. शेजारणीस मापटेंभर द्यावयाचें तें त्या आपल्या भाकरीच्या वांट्यांतून देत. पुढें हायब्रीड ज्वारी आली, ती लौकर किडे. नंतर शेतांत कापूस व सोयाबीन आलें, तें शेतांतूनच बाजारास जातें. सांठवावयास कांहीं उरलें नाहीं. कित्येक वर्षें दट्ट्या कोणीं काढलेला नाहीं.

वडील बंधूंनीं आमच्याकडे पाहिलें. आम्ही शिकलेले, तेव्हां काय लिहावें तें आम्हीं सांगावें. आम्हीं एवढेंच म्हटलें कीं, 'खोली' लिहिलें तर धाकट्याच्या पदरीं दार नसलेली खोली येते, आणि दार पाडावें तर ज्या भिंतीवर माळवदाच्या तुळया आहेत तीच फोडावी लागते. बळद धान्यावांचून कशाच्या उपयोगाचें नाहीं. त्यास खोली म्हणणें म्हणजे धाकट्यास एक खोली कमी देणें.

वडील बंधू बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "रस्त्याकडची खोली निम्मी निम्मी करा. आणि विहिरीपुढें 'सामाईक' लिहिलें आहे ना, त्याच ओळींत बळद घाला."

लेखनिकानें जुनी ओळ खोडली. "बळद कसें लिहूं? ल कीं ळ?"

"ळ," आत्याबाई आंतून म्हणाल्या.