हिशेब बरोबर, विचार चूक

काटकसर हा सद्गुण खरा. परंतु ती कोठें करूं नये हें कळावयास मला साठी उलटावी लागली.

मराठी बोलणें ऐकून तें लिहून देणारी प्रणाली तयार करण्यासाठीं माझ्या पुतण्यानें गतवर्षीं घरींच संगणक जुळविण्याचा घाट घातला. त्यांत २०२० सालीं निघालेलीं 'आरटीएक्स ३०९०' जातीचीं दोन ग्राफिक्स कार्डें बसवावयाचीं होतीं. त्यानें १६०० वॅटचा पॉवर सप्लाय मागितला. घरची तिजोरी माझ्याकडे. मीं कागद घेतला : दोन कार्डांचे ३५० प्रमाणें ७०० वॅट, प्रोसेसर व इतर सरंजामाचे २००; एकूण ९००. "मग हजाराचा पुरे!" असा मीं निकाल दिला. "काका, पण—" एवढें म्हणून तो गप्प बसला. आमच्या घरांत वडिलांच्या निकालावर अपील नसतें.

पुढें दोन्ही कार्डें एकदम जोरानें कामास लागलीं, कीं दिवा मालवावा तसा संगणक बंद पडूं लागला. धूर नाहीं, वास नाहीं. तीन रात्रींचें काम वायां गेलें. "तुझ्याच जुळणींत खोट असेल," असें मीं त्याला भर पंगतींत बोललों. तो उलट बोलला नाहीं. पण त्या रात्रीं त्यानें मागचा भात घेतला नाहीं.

अखेर कारण उमगलें. ३५० वॅट ही सरासरी. कार्डावर एकाएकीं काम येतें, तेव्हां सेकंदाच्या अल्पशा अंशापुरती त्याची मागणी पुष्कळ वर उसळते. दोन्ही उसळ्या एकाच क्षणीं आल्या, कीं सप्लायमधील संरक्षक योजना तो दोष समजून वीज तोडते. २०२२ च्या 'एटीएक्स ३.०' या प्रमाणांत दुपटीपर्यंतची क्षणिक उसळी सोसण्याची अट आहे, ती याचसाठीं.

वहिनींना हें सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "भावजी, पंगतीचा भात सरासरीनें लावतात का? सगळे एकदम बसले तर पुरेल, एवढा लावतात!"

मोठा सप्लाय येईपर्यंत पुतण्यानें प्रत्येक कार्डाला २८० वॅटची मर्यादा घातली. वेग थोडाच घटला. नव्या जुळणींत त्यानें एका वायरीचे दोन फांटे न वापरतां प्रत्येक जोडणीस स्वतंत्र वायर दिली, कारण आठ पिनांच्या एका जोडणीवर १५० वॅटांचाच भार नेमलेला असतो. मोठा सप्लाय अधिक वीज खातो, हा माझा समजहि खोटा ठरला. संगणक मागेल तेवढीच वीज तो देतो, आणि निम्म्या भारावर तर उत्तम चालतो.

दोष सर्वांदेखत दिला होता, म्हणून चूकहि मीं सर्वांदेखतच कबूल केली. पुतण्या नुसता हंसला, आणि वहिनींकडे पान सरकवून म्हणाला, "आई, मागचा भात वाढ."