रुंदीची रुजुवात

सी भाषेत संख्या छापण्याचा व्यवहार ज्या प्रिंटएफ फंक्शनवर सोपविलेला असतो, त्यात किंमत एका वाटेने जाते आणि तिचे वर्णन दुसऱ्या वाटेने. या दोहोंची रुजुवात घालण्याची जबाबदारी सर्वस्वी लिहिणाऱ्याची, हे मी पुष्कळ वर्षे केवळ पाठांतराने जाणत होतो.

प्रत्यय आला तो एका ३२ बिटांच्या इंटेल यंत्रावर. फाइलचा आकार ६४ बिटांच्या पूर्णांकात आणि त्यापुढे फाइलचे नाव, असा साधा मजकूर मी छापीत असे. आकारासाठी मात्र सवयीने टक्का-डी लिहिलेले. आकार बिनचूक उमटे, पण नावाच्या जागी कंसात ‘नल’ एवढेच. तक्रार नावाची, म्हणून दोन दिवस मी नावाचाच तपास करीत बसलो. वस्तुतः स्टॅकवर आठ बाइटांची संख्या ठेवलेली असता टक्का-डीने खालचे चार उचलले, आणि मागे राहिलेले वरचे चार, जे शून्य होते, ते पुढील टक्का-एसने नावाचा पत्ता म्हणून प्रमाण मानले. पुढे एका फाइलने ४,२९,४९,६७,२९६ बाइटांची सीमा ओलांडली, वरच्या अर्ध्यात शून्याऐवजी एक आला, आणि त्या निषिद्ध पत्त्यावर वाचावयास गेलेला प्रोग्रॅम जागच्या जागी कोसळला. कंपायलर अशी विसंगती एरवी दाखवितो. परंतु माझा मजकूर संदेशांच्या कोष्टकातून ऐनवेळी येत असल्यामुळे ती त्याच्या दृष्टीस पडणे अशक्य होते.

टक्का-एलडी लिहून सुटका होत नाही. ६४ बिटांच्या लिनक्सवर लाँगची रुंदी ६४, तर विंडोजवर ३२च. म्हणून १९९९ च्या मानकाने इंटटाइप्स या हेडरमध्ये पीआरआयडी६४ हे नाव दिले. अवतरणचिन्ह मिटवून ते मध्ये घालावयाचे आणि पुन्हा उघडावयाचे; शेजारशेजारच्या अक्षरमाला कंपायलर सांधून घेतो. ही रचना अनेकांना ओबडधोबड वाटते. मला तीत मोठी सचोटी दिसते, कारण पूर्णांकाची जात ठरविणारी यंत्रणाच त्याचे वर्णनही पुरविते आणि दोन्ही दस्तऐवज एकाच दप्तरातून निघतात. २०२३ च्या सुधारणेतील टक्का-डब्ल्यू६४डी अधिक सुटसुटीत आहे खरे. पण जुन्या यंत्रांवर चालावयाच्या मजकुरात मी अद्याप ते घालीत नाही.

वाचण्याच्या बाजूस, स्कॅनएफसाठी, एससीएनडी६४ हे निराळे नाव आहे आणि तेथे मी अधिकच कटाक्ष बाळगतो. ३२ बिटांच्या जागेत ६४ बिट उतरविले गेले, तर शेजारच्या चलाची किंमत निमूटपणे पुसली जाते.