लांज्याची लाली

दिवाळी अंकासाठी मराठीच्या प्राध्यापकाने प्रवासावर लिहायचे म्हटले, की त्याने एखादा किल्ला चढावा, एखाद्या जुन्या देवळाच्या पायरीवर बसून अंतर्मुख व्हावे आणि सूर्यास्त पाहून परत यावे, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. लांजा तालुक्यात या कामाला साहित्य पुष्कळ आहे. मुचकुंदीच्या काठी साटवलीचा किल्ला आहे, विशाळगडाच्या शेजारी उंचावर वसलेले माचाळ आहे, खोरनिनकोचे धरण आहे. शिवाय कोट आहे. कोट म्हणजे झाशीच्या नेवाळकरांचे, अर्थात राणी लक्ष्मीबाईंच्या सासरचे, मूळ गाव. पण यंदा मी यांतले काहीही पाहिले नाही. यंदा मी लांज्याला जाऊन लिपस्टिक विकत घेतली.

हसू नका. चाळिशी ओलांडलेल्या, चष्मा लावणाऱ्या आणि विद्यार्थ्यांना अलंकार शिकवणाऱ्या गृहस्थाला हे काम किती अवघड जाते, याची कल्पना तुमच्या घरातल्या पुरुषमंडळींना विचारून पाहा.

माझी थोरली बहीण लांज्याजवळच्या एका वाडीत राहते. दर भाऊबीजेला मी मुंबईहून तिच्याकडे जातो आणि आमची सौभाग्यवती तिच्या भावाकडे जाते. अशी आमच्या घरची दिवाळीची वाटणी आहे. कोकण रेल्वेची आडवली आणि विलवडे ही दोन स्थानके लांजा तालुक्यातच आहेत, पण पुष्कळशा जलद गाड्या तिथे न थांबता निघून जातात. म्हणून मी आपला रत्नागिरीला उतरतो आणि एस.टी. धरतो. हातखंबा, पाली मागे पडते, आंजणारीच्या घाटात काजळी नदी ओलांडली की लांजा आलेच. दिवाळीच्या सुमाराला कापणी झालेली असते. खाचरांत भाताचे पिवळे खुंट, खळ्यावर रचलेली उडवी, आणि जांभ्या दगडाच्या गडग्यांवर अजून सुकायची राहिलेली पावसाळ्यातली हिरवी शेवाळ. महामार्गाच्या चौपदरीकरणाने रस्त्याकडेचे रूप पार बदलून टाकले आहे. पण एस.टी.तून उतरल्यावर नाकाला जो वास येतो, ओल्या मातीचा, तळणाचा आणि डिझेलचा मिळून, तो मात्र माझ्या ओळखीचा आहे.

तर लिपस्टिकची हकीकत. माझी भाची लांज्यालाच कॉलेजात शिकते. दिवाळीच्या आधी तिने मला मोबाइलवर यादी पाठवली : 'मामा, येताना दोन लिपस्टिक आणा. एक मॅट, विटकरी. एक साधी, फिकट गुलाबी. यंदाच्या नव्या कलेक्शनमधली.' मी दादरला एका मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या तरुण मुलीने अतिशय आदराने विचारले, "सर, त्यांचा अंडरटोन काय आहे?" मी म्हणालो, "मध्यमवर्गीय." तिला काही कळले नाही, मलाही तिचे काही कळले नाही, आणि मी रिकाम्या हाताने बाहेर पडलो.

पाडव्याच्या संध्याकाळी भाचीने मला सरळ लांज्याच्या बाजारात नेले. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो : आमच्याकडे 'कटलरी' अशी पाटी असलेल्या दुकानात सुऱ्या-काटे मिळत नाहीत. तिथे बांगड्या, टिकल्या, रिबिनी, पावडरी, नेलपॉलिश असला माल असतो. असल्या एका दुकानात आम्ही शिरलो. गल्ल्यावर एक बाई होत्या. त्यांना गावात सारे वहिनी म्हणतात; मीही म्हटले.

"वहिनी, यंदाच्या सीझनचे काय आहे?" भाचीने विचारले.

वहिनींनी खालून एक लांबट खोका काढला. त्यात पेन्सिलींसारख्या ओळीने नळ्या मांडलेल्या होत्या. विटेचा, जांभळाचा, चॉकलेटी, गुलाबी. एक तर थेट आमसुलाचा रंग. मी सहज म्हटले, "मोठ्या कंपन्या वसंत-ग्रीष्म आणि शरद-हेमंत असे हंगाम धरून रंग काढतात ना?"

"ते तिकडे, सर," वहिनी म्हणाल्या. "लांज्याचे सीझन चार. गणपती, दिवाळी, शिमगा आणि मे महिन्यातली लग्नं. गणपतीला चाकरमानी येतात, तेव्हा गडद लाल आणि मरून. मे महिन्यात घाम येतो, तेव्हा न पुसणारी पाहिजे. दिवाळीला भावांचं गिऱ्हाईक. त्यांना काय दाखवावं तेच घेतात."

एवढ्या थोडक्या शब्दांत बाजारपेठेचे शास्त्र मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेले नाही. आणि ते खरेही आहे. परदेशात झाडांची पाने तांबूस झाली की ओठांचे रंगही तांबूस होतात. आमच्या कोकणात ऑक्टोबरात सारे रान हिरवेगार असते. इथे शरदाचा तपकिरी रंग कुठून यावा?

खोक्यात एका नळीवर 'लॅक्मे' हे नाव वाचले आणि माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. मी भाचीला विचारले, "हे नाव कोणाचे आहे ठाऊक आहे?" ती म्हणाली, "कंपनीचे." मी म्हटले, "परवा जिची पूजा केलीस, तिचे." दुकानातल्या आणखी दोन-तीन बायका वळून पाहू लागल्या. मग मी थांबतो कुठला!

१८८३ साली पॅरिसमध्ये लेओ दलीब या संगीतकाराची 'लाक्मे' नावाची संगीतिका रंगभूमीवर आली. तिची नायिका हिंदुस्थानातली, नीलकंठ नावाच्या पुजाऱ्याची मुलगी. 'लक्ष्मी' या नावाचे फ्रेंच जिभेवर 'लाक्मे' झाले. ती एका इंग्रज अधिकाऱ्याच्या प्रेमात पडते आणि शेवटी धोतऱ्याचे विषारी फूल खाऊन प्राण देते. पुढे १९५२ साली टाटा ऑइल मिल्सने फ्रेंच सहकार्याने देशात प्रसाधने बनवायला घेतली. परदेशी पावडर-लालीवर परकीय चलन उधळले जाऊ नये, हा विचार त्यामागे होता, असे सांगतात. त्या वेळी हे नाव पुन्हा मायदेशी परत आले. १९६१ पासून सिमोन टाटा यांनी या कंपनीत लक्ष घातले आणि ती नावारूपाला आणली. १९९८ मध्ये टाटांनी ती हिंदुस्थान लिव्हरच्या हवाली केली. नरकचतुर्दशीला पहाटे घरोघर ज्याचा वास दरवळतो तो मोती साबणही मूळचा त्याच टाटा ऑइल मिल्सचा. म्हणजे आपल्या दिवाळीच्या न्हाणीघरात आणि आरशापुढे एकाच गिरणीने हजेरी लावली होती.

"बघा," वहिनी आजूबाजूच्या बायकांना म्हणाल्या, "लक्ष्मीच आहे. पाडव्याला नाही म्हणू नये." त्यांच्या तीन नळ्या तिथल्या तिथे खपल्या. माझ्या व्याख्यानाचा इतका रोख परिणाम झालेला मी प्रथमच पाहिला.

भाचीने स्वतःसाठी विटकरी रंग मनगटावर ओढून पाहिला आणि ठेवून घेतला. मग फिकट गुलाबी नळ्या ती फार वेळ पाहत राहिली. एक उघडी, दुसरी मिटी. मी म्हणालो, "अगं, उरक. ही तर तुझ्या रंगाला शोभायचीही नाही."

"ही माझ्यासाठी नाहीच, मामा," ती म्हणाली. "आईसाठी आहे."

मी वहिनींकडे पाहिले, वहिनींनी बांगड्यांच्या खोक्याकडे पाहिले.

भाऊजी गेले त्याला सहा वर्षे झाली. त्या दिवसापासून ताईने कुंकू लावले नाही. कोणी सक्ती केली असे नाही. सासू केव्हाच वारली होती, दीर मुंबईला. वाडीतही कोणी तोंडावर काही बोलले नाही. पण हळदीकुंकवाचे बोलावणे यायचे थांबले, मंगळागौरीला ती माजघरातून बाहेर येईनाशी झाली, आणि सगळ्यांनी ते जणू पाऊस थांबल्यासारखे धरून घेतले. मीही.

परतताना अंधार पडला होता. वाटेत भाची एकाएकी म्हणाली, "मामा, एक विचारू? तुम्ही दर भाऊबीजेला आईला साडी आणता. गेली पाच वर्षं सगळ्या राखी, नाहीतर मातकट. हा रंग आईने सांगितला होता, की तुम्ही निवडला?"

आता तुम्हांला खरे ते सांगतो. हा रंग मीच निवडला होता. दुकानात मी स्वतः म्हणालो होतो, "जरा फिकी दाखवा, काठ बारीक असू द्या." तो विक्रेताही समजुतीने मान हलवून आतून गठ्ठा घेऊन आला होता.

हा मी कोण? दर वर्षी वर्गात 'पण लक्षांत कोण घेतो?' शिकवणारा मी. १८९० साली हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक'मध्ये ती कादंबरी क्रमशः लिहायला घेतली. तिच्यातल्या यमूचे केशवपन सांगताना माझा आवाज आजही जड होतो आणि मागच्या बाकावरची मुले मोबाइल खाली ठेवतात. याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, हे मी अभिमानाने सांगतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. त्या बातमीचे कात्रण मी वर्गात वाचून दाखवले होते. आणि त्याच वर्षीच्या दिवाळीला ताईसाठी राखी साडी घेऊन आलो होतो. कात्रण आणि साडी एकाच पिशवीत होती, असे म्हटले तरी चालेल.

घरी आलो तर ताई चुलीपुढे बसली होती. भाचीने दोन्ही नळ्या तिच्यापुढे धरल्या. आपल्यासाठी कोणती, हे मात्र सांगितले नाही. ताईने एक नळी हातात घेतली, फिरवून वर केली, नाकाशी नेली.

"यात असतं तरी काय रे?" तिने मला विचारले.

मला दुसऱ्या एखाद्या विषयावर बोलायला हवेच होते. मी सांगितले, "मेण, तेल आणि रंग. तेल बहुधा एरंडेल. आणि हल्ली पुष्कळ ठिकाणी कोकम बटर घालतात."

"ते काय?"

"आपले मुठेल."

ताई मोठ्याने हसली. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. मे महिन्यात रातांबे पिकतात. सालीची आमसुले होतात, बिया मात्र उन्हात वाळवून फोडतात. आतला गर कुटून पाण्यात उकळला की स्निग्ध पदार्थ वर तरंगतो. तो निवत आला की मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. मुठीत वळतात म्हणून मुठेल. थंडीत ओठ फुटले, टाचांना भेगा पडल्या, की जरासे ऊन करून लावायचे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; त्याच्या कितीतरी आधी आमच्या आजीने आमच्या ओठांना ते बहाल केले होते.

"म्हणजे मुठेलाला रंग दिला नि नळीत भरलं, एवढंच ना?" ताई म्हणाली. ती उठली आणि कोनाड्यातून आईची फणी-करंड्याची पेटी घेऊन आली. झाकणात आरसा असलेली ती जुनी शिसवी पेटी आम्हां दोघांच्या लहानपणाची. आई आधी बोटाने कपाळाला मेण लावी आणि त्यावर कुंकू टेकवी. मेण होते, रंग होता. लिपस्टिकचे अर्धे साहित्य त्या पेटीत तेव्हाच होते. ताईने पेटी उघडली. फणी होती. मेणाच्या जागी मुठेलाचा गोळा होता. कुंकवाचा करंडा घासूनपुसून ठेवलेला, रिकामा.

"करंडा रिकामा कशाला ठेवलास?" मी विचारले. सहा वर्षांत पहिल्यांदा विचारले.

"तू कधी विचारलं नाहीस," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

मग मी सगळे सांगून टाकले, साड्यांचेही. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "अरे, मला वाटायचं, तुला तेच योग्य वाटतं. तू शिकलेला. म्हणून मीही म्हटलं, असेल." मग थोड्या वेळाने, "आणि खरं सांगू? पहिली दोन वर्षं मला कशाचीच इच्छा नव्हती. नंतर झाली, तेव्हा सुरुवात कुठून करावी ते कळेना."

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. चंद्र उगवल्यावर ताईने आधी त्याला ओवाळले, मग मला पाटावर बसवले. माझ्या कपाळाला कुंकू लावायला तिला भाचीच्या ताटातले घ्यावे लागले. मी तबकात पाकीट ठेवले आणि त्यावर ती फिकट गुलाबी नळी. पिशवीतली साडी मी बाहेर काढलीच नाही. ती तशीच मुंबईला परत आली.

ताईने तिथल्या तिथे ओठ रंगवले आणि सारे आनंदीआनंद झाले, असे लिहिता आले असते तर लेख छान संपला असता. तसे झाले नाही. तिने नळी उघडली, आरशात पाहिले, पुन्हा मिटली आणि मुठेलाच्या गोळ्याशेजारी पेटीत ठेवली. भाची काही बोलली नाही. मीही बोललो नाही. आता रंग निवडायची पाळी आमची नव्हती.

सकाळी ती मला पोचवायला लांज्याच्या स्टँडवर आली. हातात आमसुलांची पुडी, मुठेलाचा एक गोळा, वहिनींसाठी म्हणून. रत्नागिरीची गाडी लागली. मी खिडकीत बसलो. वाहकाने घंटी दिली तशी ताई खिडकीजवळ आली आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली,

"पुढच्या वर्षी साडी आणशील ना, ती जरा काठाची आण."

"कोणत्या रंगाची?"

"ते मी कळवीन," ताई म्हणाली.