पोट माशाचं, दुखणं पाण्याचं

कुरखेड्यात शोभेचे मासे पाळणारी घरं बोटांवर मोजावीत इतकीच. मासा इथे खायचा, तोही मामा (माजी मालगुजारी) तलावातला नाहीतर सती नदीतला. त्यामुळे मी हॉलमध्ये काचेची टाकी मांडली तेव्हा ‘गुरुजी, रोहू टाकले काय जी?’ असं विचारणारेच जास्त निघाले.

मुलीला खरं तर ॲक्सोलॉटल हवा होता. माइनक्राफ्ट या खेळात २०२१ साली हा प्राणी आला आणि पोरांच्या डोक्यात बसला. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला झोचिमिल्कोचे कालवे आहेत, तिथला हा उभयचर. मोठा झाला तरी बाहेरचे झुपकेदार कल्ले तसेच ठेवतो, पाय तुटला तर नवा उगवतो. मात्र त्याला पाणी लागतं सोळा ते अठरा अंशांचं. ते चोवीसच्या वर राहिलं की तो खंगत जातो. आमच्याकडे उन्हाळ्यात शेजारच्या ब्रह्मपुरीचा पारा रोज बातमीत असतो. शिवाय वन्यजीव कायद्यात २०२२ साली सुधारणा झाल्यापासून असा परदेशी प्राणी घरी ठेवायचा तर त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. हे सगळं मुलीला समजावल्यावर गोल्डफिशवर तडजोड झाली.

ॲक्सोलॉटलविषयी वाचताना त्याच्या फुगण्याच्या दुखण्याबद्दलही वाचलं होतं. अंगात नाहीतर पोटात पाणी साठतं, प्राणी फुगतो, तळाशी बसायचं सोडून वर तरंगू लागतो. कारणं बरीच: तापलेलं किंवा घाण पाणी, जंतुसंसर्ग, मूत्रपिंड निकामी होणं, कधी गिळलेला खडा आतड्यात अडकणं. ही माहिती पुढे गोल्डफिशच्या बाबतीत जवळजवळ जशीच्या तशी कामी आली. प्राणी वेगळे असले, तरी गोड्या पाण्यात राहण्याची अडचण दोघांची एकच आहे.

आमच्याकडे तीन मासे होते: डोक्यावर मांसल टोपी असलेला एक ओरांडा आणि दोन साधे, शेंदरी रंगाचे. टाकी साठ लिटरची.

पहिल्यांदा फुगला तो साध्यांपैकी एक. पोट गोल झालं, पोहताना मागचा भाग वर उचलला जाऊ लागला. पण तो खायला पुढे येत होता, खवले अंगाला चिकटून होते, डोळे नेहमीसारखे होते आणि मागे विष्ठेचा लांब धागा लोंबत होता. हे बद्धकोष्ठ. कोरडं, पाण्यात फुगणारं दाणेदार खाद्य सतत खाल्लं की गोल्डफिशला ते होतंच. दोन दिवस उपास घातला. नंतर वाळलेला हिरवा वाटाणा रात्रभर भिजवून, शिजवून, साल काढून, चिमटीत चुरडून दिला. मे महिन्यात कुरखेड्यात ताजा वाटाणा कुठून मिळणार? पोट उतरलं आणि मासा सरळ पोहू लागला. सालीसकट वाटाणा देऊ नये. ती साल त्याला पचत नाही.

ओरांड्याचं फुगणं मात्र वेगळं होतं. भर उन्हाळा होता आणि वादळात तारा पडल्यामुळे वीज तासन्‌तास जात होती. टाकीचं पाणी बत्तीस अंशांवर गेलं. ओरांड्याचं पोट दोन्ही बाजूंनी सारखं वाढलं, तो कोपऱ्यात पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागला आणि टाकलेला दाणा तोंडात घेऊन थुंकू लागला. ओरांडा मुळातच गुबगुबीत, त्यामुळे काचेतून पाहून खात्रीने काही म्हणता येत नव्हतं.

आमच्या गल्लीत एक ढिवर काका राहतात. मामा तलावाचा ठेका घेणाऱ्या मच्छीमार संस्थेचे ते सभासद. त्यांना बोलावलं. त्यांनी टाकीसमोर बसून पाहिलंच नाही. स्टूल मागितलं, वर चढले आणि वरून पाहिलं.

‘गुरुजी, बाजूनं नोका पाहू. वरून पाहा. खवले उभे झाले न जी. ही चरबी नाही, पोटात पानी भरलं आहे.’

मीही वरून पाहिलं. एरवी कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले पाठीपासून शेपटीपर्यंत बाहेर फाकले होते. प्रत्येक खवल्याची कड सुटी दिसत होती, मधल्या फटींत फिकट कातडी दिसत होती. डोळेही किंचित बाहेर आले होते. काचेतून जे नुसतं जाड पोट वाटत होतं, ते वरून पाहिल्यावर साफ दुसरंच निघालं.

इंग्रजीत याला ड्रॉप्सी म्हणतात. हा एक रोग नव्हे, अनेक रोगांची शेवटची खूण आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा मीठ जास्त असतं. त्यामुळे पाणी कल्ल्यांतून आणि कातडीतून सतत आत झिरपत राहतं आणि मूत्रपिंडं ते रात्रंदिवस बाहेर टाकत असतात. काकांच्या जुन्या डोंग्यात फटींतून पाणी येतं आणि एक जण टिनाच्या डब्याने ते उपसत बसतो, तसंच. उपसणारा थकला की डोंगा भरणार. मूत्रपिंडं थकतात ती बहुतेक वेळा जिवाणूंमुळे. एरोमोनास हायड्रोफिला हा त्यातला नेहमीचा. गंमत म्हणजे तो बाहेरून यावा लागत नाही. तलावात, टाकीत, माशाच्या आतड्यातही तो असतोच. मासा धडधाकट असेपर्यंत त्याचं काही चालत नाही. मासा कमजोर झाला की त्याचं फावतं.

‘उन्हाळ्यात तलाव आटते, मासोळ्या दाटतात, मंग आमच्या रोहू-कतल्यालेबी असंच होते,’ काका म्हणाले. ‘पयले पानी पाहा, मंग दवा पाहा.’ तलावात ते चुना टाकतात, संस्थेच्या सल्ल्याने लाल दवा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट वापरतात आणि फुगलेली मासोळी दिसली की आधी बाहेर काढून लांब पुरतात.

पाणी पाहायचं म्हणजे काय, हे तपासणीचा संच कुरिअरने वडशाहून आल्यावर कळलं. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. फिल्टरमधल्या स्पंजावर वाढलेले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या जिवाणूंना वाहतं, प्राणवायू असलेलं पाणी लागतं. वीज गेली, फिल्टर बंद पडला की तेही मरू लागतात आणि अमोनिया साचतो. तो शून्यच हवा. आमच्या नळीतला रंग एक पीपीएमवर आला. त्यात आमचं बोअरचं पाणी जड, पीएच आठच्या आसपास. पीएच सात आणि पाणी वीस अंशांचं असेल तर एकूण अमोनियातला अर्धा टक्काही विषारी रूपात नसतो. पीएच आठ आणि तीस अंशांना तो साडेसात टक्क्यांच्या आसपास जातो. प्राणवायूचं गणित याच्या उलट. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तीस अंशांना साडेसातच. म्हणजे तापलेल्या टाकीत विष वाढतं आणि श्वास कमी पडतो, दोन्ही एकदम.

आजारी मासा वेगळा ठेवायचा होता. दुसरी काचेची टाकी घेण्याऐवजी कुंभाराकडून मातीची रुंद तोंडाची नांद आणली. तिच्या अंगातून पाणी पाझरतं, वाळतं आणि आतलं पाणी टाकीपेक्षा चार अंश थंड राहतं. वरून पाहायची सोय आपोआप झाली. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावला. पाणी आदल्या रात्री पिंपात भरून सावलीत ठेवलेलं, रोज चौथा हिस्सा बदलायचं. नगरपंचायतीच्या नळाचं पाणी वापरायचं असेल तर क्लोरीन मारायला हायपोचे खडे घालावे लागतात. बर्फ थेट पाण्यात टाकला नाही. अंशा-दोन अंशांपेक्षा जास्त फरक एकदम पडला तर माशाला तोही धक्काच.

फुगवटा उतरवायला एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट वापरतात. शेतीच्या दुकानातलं खत नव्हे, औषधाच्या दुकानातलं शुद्ध. वीस लिटरला पाव चमचा, आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून. खायचं मीठ आणि हे एक नव्हे. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

जिवाणूंवर औषध द्यायचं तर वजन हवं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांचा दिवस बैल, शेळ्या आणि कोंबड्यांत जातो, तरी त्यांनी माशाचं दुखणं हसण्यावारी नेलं नाही. नागपूरला तेलंगखेडीच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयातल्या ओळखीच्याला फोन लावला आणि माझ्याकडे वळून विचारलं, ‘सर, मासा किती ग्रॅमचा?’

किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवलं, काटा शून्यावर आणला, जाळीतलं पाणी निथळू दिलं आणि मासा हळूच आत सोडला. आकडा साठच्या आसपास थरथरत राहिला. मागे तेलाची पिशवी घ्यायला आलेल्या बाई ‘हे काय मोजून रायले?’ म्हणून थांबल्या.

डॉक्टरांनी ऑक्सिटेट्रासायक्लिन दिलं, पण पाण्यात टाकायचं नाही, खाण्यातून द्यायचं असं बजावलं. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या औषधाला धरून ठेवतं आणि ते माशापर्यंत पोचतच नाही. मात्रा त्यांनी वजनावरून काढून दिली, दहा दिवस पूर्ण करायला सांगितलं. कोणी शेजारपाजाऱ्यांचं ऐकून कोंबड्यांची पुडी पाण्यात ओतू नये, म्हणून मात्रा इथे देत नाही. ती ज्याच्या-त्याच्या वजनावर ठरते.

ओरांड्याला याचा उपयोग झाला नाही. तो खातच नव्हता. खाण्यातून द्यायचं औषध न खाणाऱ्याला कसं देणार? नांदेत त्याचा श्वास थोडा संथ झाला, एवढाच फरक. तो गेला. खवले सगळीकडून उभे राहिल्यावर वाचणारे मासे थोडेच असतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मागे आवाराच्या कडेला पुरला, नाल्यात टाकला नाही. जाळी लाल दव्यात बुडवून उन्हात वाळवली.

मग उरलेल्या दोघांना रोज सकाळी स्टुलावर चढून वरून पाहणं सुरू झालं. हे काम मुलीने अंगावर घेतलं. बद्धकोष्ठाचा जो मासा होता त्याच्याच शेपटीच्या मुळाशी तिला काही खवले उचललेले दिसले. काचेतून काहीच दिसत नव्हतं. पोट जरासं वाढलेलं, पण तो खात होता, आणि सगळा फरक इथेच पडला. त्याला नांदेत हलवलं, एप्सम घातलं, उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकात औषधाची भुकटी कालवून मोहरीएवढे गोळे केले. एकेक गोळा टाकायचा, तो गिळला गेला की दुसरा. उरलेला बलक लगेच उपसून काढायचा, नाहीतर त्याचाच अमोनिया होतो. आठवड्याच्या शेवटी खवले खाली बसू लागले. औषध तरीही पूर्ण दहा दिवस चाललं. पाऊस पडून पाणी निवल्यावर तो टाकीत परत गेला.

टाकीत आता दोनच मासे आहेत, तिसरा आणला नाही. फिल्टर इन्व्हर्टरवर आहे. उन्हाळ्यात खाद्य निम्मं आणि पाणी बदलणं दुप्पट.

गावात बातमी पसरली, त्यामुळे कोणी ना कोणी मोबाइलवर फुगलेल्या माशाचा फोटो घेऊन येतो. एकाच्या माशाचं पोट एका बाजूला जास्त होतं, ती मादी अंड्यांवर होती. तिला औषध द्यायची गरजच नव्हती. एकाने टाकीत बारीक खडी घातली होती आणि मासा ती गिळून बसला होता. प्रत्येकाला मी तेच विचारतो: वरून पाहिलं का? खातो का? पाण्याचा अमोनिया किती, पाणी किती तापलंय? या तीन प्रश्नांची उत्तरं हातात असली तर दवाखान्यात जाऊन विचारता येतं. नसली तर डॉक्टरही अंदाजच करणार, आणि साठ ग्रॅमच्या जिवावर अंदाज फार दिवस चालत नाहीत.