एकट्याचा दोर

चिंचवडात जन्म काढलेल्या मनुष्याने समुद्रावर लेखणी चालवावी हे कोणासही विपरीत वाटेल. आमच्या गावचे पाणीसुद्धा समुद्राकडे पाठ करून वाहते. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला जो पाऊस पश्चिमेस उतरतो, तो थोडक्याच वाटचालीत अरबी समुद्रास मिळतो. परंतु तोच पाऊस चार पावले अलीकडे पडला की पवनेत येतो, दापोडीपाशी मुळेत शिरतो, पुढे भीमा, कृष्णा अशी नावे बदलीत सारे द्वीपकल्प ओलांडतो आणि शेवटी बंगालच्या उपसागरात विसावतो. आमचेही तसेच. घारापुरीस जाताना लाँचीत पोटात ढवळून आले, एवढाच आमचा सागरानुभव. बाकी सारे आयुष्य भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात गेले.

तथापि दोन महिन्यांपूर्वी समुद्र आमच्या घरात आला. आमची पुतणी चाकणला एका कारखान्यात आराखडे काढण्याचे काम करते. सुटीच्या दिवशी ती मुंबईस जाऊन लहान शिडाच्या होड्या चालविण्यास शिकते, हे आम्हांस ठाऊक होते. ही एक हौस, असे समजून आम्ही सोडून दिले होते. परंतु एके रविवारी तिने सांगितले की, गोव्याहून कोचीपर्यंत शिडाच्या नौकेतून चौघांच्या संगतीने जाण्याचे ठरत आहे, आणि पुढेमागे एकटीने जाण्याचाही मानस आहे. वहिनींनी हातातली चहाची किटली खाली ठेवली व आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जन्मभर हेच काम केलंत. आता तुम्हीच हिला सांगा."

आम्ही आठवडाभराची मुदत मागून घेतली. खरे सांगावयाचे तर मनात निकाल ठरला होता. केवळ नकारास पुरावा हवा होता. म्हणून वाचावयास बसलो, आणि पहिलाच धक्का बसला तो हा की, या वेडाचे मूळ थेट आपल्या मुंबईत निघाले. १९६८ साली १४ जून रोजी इंग्लंडातील फाल्मथ बंदरातून निघून ३१२ दिवस कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला पुरुष रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची 'सुहेली' ही बत्तीस फुटी सागवानी नौका मुंबईत बांधलेली. पुढे भारतीयाने तसे करावे हा ध्यास घेतला तो व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी. निवृत्तीनंतर त्यांचे वास्तव्य कोठे, तर फलटणनजीक विंचुर्णीस! जेथे पावसाची वाट पाहण्यात वर्ष सरते, तेथे बसून हा गृहस्थ महासागरांचे नकाशे पाहत होता. म्हणजे चिंचवडकरांनीच तेवढे लाजण्याचे कारण नाही.

आवटींच्या हाकेस ओ देणारे नौदलातील कमांडर दिलीप दोंदे. त्यांनी स्वतः नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली काही काळ राहून धडे घेतले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत 'म्हादेई' ही छप्पन फुटी नौका उभी राहिली. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली व केपटाऊन एवढ्या चारच ठिकाणी टेकून १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. वर्तमानपत्रांनी 'एकटा' हा शब्द मोठ्या टाइपात छापला, आणि त्यात गैर काही नाही. परंतु आम्ही तपासणी खात्यातले असल्यामुळे आमची दृष्टी अंमळ वाकडी. आम्हांस त्या एकट्याच्या मागे ज्यांनी लाकडाची पट्टी न् पट्टी पारखली, ज्यांनी दोर मोजले, ज्यांनी प्रत्येक बोल्ट आवळून पाहिला, त्यांची रांग दिसू लागली. समुद्रावर एकटा जातो तो खरोखर एकटा नसतो; मात्र त्याच्या बरोबर जे असतात, ते सारे आधीच आपले काम करून चुकलेले असतात. त्यांची चूक दुरुस्त करावयास तेथे कोणी नसते.

पुढचे वृत्तान्त आम्हांस नकारासाठी हवे तसेच सापडले. याच 'म्हादेई'तून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ साली न थांबता प्रदक्षिणा पुरी केली; मग २०१८ मध्ये 'सुहेली'च्याच धर्तीवर गोव्यात बांधलेली 'थुरिया' घेऊन ते फ्रान्सहून 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत उतरले. २१ सप्टेंबरच्या वादळात दक्षिण हिंदी महासागरात नौका उलटली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्यास जबर दुखापत झाली. उठता येत नाही, एवढे उपग्रहाच्या यंत्रावरून त्यांनी कळविले. मॉरिशसहून उडालेल्या आपल्या नौदलाच्या विमानाने नौका शोधली, ऑस्ट्रेलियाने जहाज धाडले, आणि २४ तारखेस 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांस उचलून अ‍ॅमस्टरडॅम बेटावर नेले. हा उतारा वहिनींस वाचून दाखवावा म्हणून आम्ही खूण घालून ठेवली. पुतणीनेही खूण घातली होती, पण ती पुढच्या पानावर: तेच टॉमी, कण्यात धातूचे तुकडे बसवून घेऊन, २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरे आले.

तेव्हा वीरकथा बाजूस सारून आम्ही आमच्या ओळखीच्या प्रांतात शिरलो, म्हणजे सामानाच्या यादीत. पाण्यात पडताच वायूच्या नळकांडीने फुगणारे जाकीट. उपग्रहांस ४०६ मेगाहर्ट्झवर हाक घालणारे आणि निदान ४८ तास ती हाक चालू ठेवणारे संकटसूचक यंत्र. नौका बुडू लागली तर चार मीटर खोलीच्या आतच पाण्याच्या दाबाने आपोआप सुटणारा तराफा. या वस्तू चोख आहेत, त्यांविषयी अधिक लिहिण्याजोगे आमच्यापाशी नाही. मात्र त्या सर्व पाण्यात पडल्यानंतरच्या आहेत. पडू नये म्हणून जे आहे ते अगदी साधे: अंगात घालावयाचा पट्टा, त्याला दोन शेपट्या, एक सुमारे मीटरभर व दुसरी दोन मीटर, आणि टोकांस हुक.

एकट्या खलाशास या साध्या वस्तूचे महत्त्व इतरांहून आगळे आहे. चौघांच्या नौकेवर एक पडला तर तिघे ओरडतील, नौका वळवतील. एकट्याच्या नौकेवर सुकाणू यंत्राच्या हाती असते. धनी पाण्यात पडला तरी ते प्रामाणिक यंत्र नेमलेल्या दिशेने नौका पुढे नेते. बांधलेला मनुष्यही नौकेच्या कडेने पाण्यातून ओढला गेला तर बुडू शकतो. म्हणून जाणते लोक आखूड शेपटी वापरतात, की मुळात कठड्यापलीकडे जाताच येऊ नये.

आणि तो हुक लावावयाचा कशास? नाळेपासून मागच्या टोकापर्यंत डेकवर दोन्ही बाजूंनी एक चपटी पट्टी ताणून बांधलेली असते. दोर गोल असला तर पायाखाली लोळतो, म्हणून पट्टी. तिच्यावर हुक सरकत जातो. मनुष्य नौकेभर हिंडतो आणि क्षणभरही सुटा नसतो. चांगल्या नौकेवर केबिनच्या दारापाशीच अशी जागा केलेली असते की, बाहेर पाऊल टाकण्यापूर्वी आतूनच हुक लावता यावा.

तरीही धोका संपत नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात पृथ्वीप्रदक्षिणेच्या एका शर्यतीत केपटाऊनहून फ्रीमँटलकडे जाताना नाळेवर काम करणारा एक खलाशी पाण्यात फेकला गेला. पट्टा होता, हुक लावलेला होता. परंतु हुक दोर बांधण्याच्या खुंटीखाली अडकला, त्याच्यावर आडवा ताण आला, तो वाकला आणि सुटला. ब्रिटिश अन्वेषण खात्याचा त्यावरील निष्कर्ष आम्ही दोनदा वाचला. सरळ ओढला असता तो हुक टिकला असता. आम्ही नोकरीत असताना यंत्राच्या जबड्यात धरून असे शेकडो हुक ओढले आहेत. सगळे सरळ ओढले.

येथे आमची एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती आम्ही घरात कधी सांगितली नव्हती.

१९९४ च्या पावसाळ्यात आमच्या कारखान्यात प्रेस शॉपवरचे सिमेंटचे पत्रे गळू लागले. बदलावयास रिगर चढले. त्यांपैकी एक मावळातला, तिशीचा, अबोल. पत्रा पायाखाली फुटला आणि तो खाली आला. जीव वाचला, पाठीचा कणा गेला. चौकशीत पट्टा तपासण्यासाठी आमच्याच टेबलावर आला. शिवण शाबूत, हुक निर्दोष. पट्टा त्याच्या कमरेस होता, आणि हुक? हुक त्याने स्वतःच्याच पट्ट्याच्या कडीत अडकवून ठेवला होता, लोंबकळून पायांत येऊ नये म्हणून. रजिस्टरात लिहिलेले होते: पट्टे सहा, दिले, सुस्थितीत. खाली आमची सही. एवढ्या लांब छपरावर हुक लावावयास एक दोर, एक कडी, काही म्हणता काही नव्हते, हे कोणी विचारले नाही, आम्हीही नाही. आमच्या अहवालात 'साहित्यात दोष नाही' असे वाक्य आहे, आणि ते अक्षरशः खरे आहे. आम्ही त्यास इस्पितळात एकदा भेटून आलो. दुसऱ्यांदा जाणे झाले नाही. समुद्रात कणा मोडलेल्या एका मनुष्यासाठी तीन देश धावले, हे वाचताना आनंद झाला आणि त्याच वेळी मावळातला तो मनुष्य डोळ्यांपुढे उभा राहिला, यात टॉमींचा काय दोष?

आठवडा संपला. मंडळी जमली. आम्ही खूण घातलेले पान उघडलेच नाही. ही गोष्टच सांगितली. पुतणी काही बोलली नाही. वहिनी मात्र थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग हिच्या होडीत तरी ते आहे का? लावायला?"

पुतणीने पट्टा आणलेलाच होता. तिने तो अंगात चढविला व समजावून सांगण्यासाठी स्वयंपाकघराच्या दारापासून गॅलरीच्या कठड्यापर्यंत कपडे वाळत घालण्याची दोरी ताणून बांधली. एक शेपटी लावून, दुसरी सोडून, पुन्हा लावून ती त्या दोरीच्या आधाराने गॅलरीपर्यंत गेली आणि परत आली. वहिनी चष्मा लावून पाहत होत्या. "उंबऱ्याच्या बाहेर येऊन नको लावूस," त्या म्हणाल्या, "आतूनच लाव."

आम्ही आमच्या जुन्या सवयीने एका कागदावर चार प्रश्न लिहून दिले: पट्टी कोठून कोठपर्यंत, दारापाशी हुक लावण्याची सोय आहे काय, खुंट्या पट्टीच्या किती जवळ आहेत, आणि रात्री एकटा मनुष्य पहाऱ्यावर असताना नियम काय. नौकेच्या कप्तानाने तिघांची उत्तरे धाडली. खुंट्यांचे मोजून कळवितो म्हणाला. ते यावयाचे आहे. जाण्याचे नक्की झालेले नाही, नाहीही झालेले नाही. दोरी अजून तशीच बांधलेली आहे, आणि या पावसातही वहिनी तीवर कपडे वाळत घालीत नाहीत.