शेंद्र्याच्या वाटेवर

थोरल्या भगिनीचें बोलावणें आलें म्हणून गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, गेलों होतों. निमित्त भाच्याच्या नव्या उद्योगाचें. शेंद्र्यास जालना रस्त्यालगत थोडी जागा भाड्यानें मिळत होती. तेथें विजेच्या मोटारींच्या बॅटऱ्या बदलून देण्याचें ठाणें काढावें, असें त्यानें मनांत घेतलें होतें. भांडवल मात्र त्याच्या वडिलांच्या निवृत्तीच्या पुंजीचें. ताईनें आम्हांस एकीकडे घेऊन एवढेंच विचारलें, "पैसे बुडणार नाहींत ना?"

दुसऱ्या दिवशीं सकाळीं भाच्याच्याच विजेच्या मोटारींतून जागा पाहावयास निघालों. चिकलठाण्याचें विमानतळ मागें पडलें कीं थोड्याच वेळांत शेंद्रा येतें. मूळ गांव शेंद्रा कमंगर. मांगीरबाबांच्या चैत्रांतील यात्रेमुळें मराठवाड्यांत तें सर्वांस ठाऊक आहे. कमानगर म्हणजे धनुष्यें करणारा. तशा नांवाच्या गांवच्या शिवारांत आतां मोटारी तयार होतात, याची आम्हांस मौज वाटली. स्कोडा कंपनीचा कारखाना येथें 2001 सालीं सुरू झाला व ऑक्टाव्हिया गाडी बाहेर पडूं लागली. पुढें ऑडीच्या गाड्यांचीही जुळणी होऊं लागली. शेंद्रा व बिडकीन मिळून 'ऑरिक' हें नवें उद्योगनगर वसत असून त्याच्या मुख्य इमारतीचें उद्घाटन सप्टेंबर 2019 मध्यें झालें. रस्ते प्रशस्त आहेत. सावलीचें झाड मात्र शोधावें लागतें.

जागेवर उभें राहून भाचा म्हणाला, "मामा, पूर्वीं डाकेचा घोडा थकला कीं टप्प्यावर ताजा घोडा तयार असे. बॅटरीचेंही तसेंच करावयाचें. तासभर कोण खोळंबणार?" उपमा आम्हांस फार आवडली. परंतु खोगीर कोणत्याही घोड्यावर चढतें. एका गाडीची बॅटरी दुसरीस चालत नाहीं, ही अडचण त्या उपमेंत बसत नव्हती. भरण्याचा खटका बहुतेक मोटारींस एकाच धाटणीचा असतो. बॅटरीचा आकार, बांधणी व थंड ठेवण्याची व्यवस्था ज्याची त्याची निराळी. शिवाय ती गाडीच्या तळाशीं बोल्टांनीं आवळलेली, वजनानें कित्येक मणांची; ती उतरविण्यास यंत्रच हवें.

रस्त्याकडेच्या एका हॉटेलांत आम्ही तासभर चहा घेत बसलों व येणाऱ्या-जाणाऱ्या विजेच्या मोटारी मोजल्या. (हा उद्योग आमच्या सौभाग्यवतींचा; आम्ही फक्त होकार भरला.) सात गेल्या, आणि त्या सातांत पांच निरनिराळ्या बनावटी होत्या. एकेका बॅटरीची किंमत चार-पांच लाख धरली, तर दहा बॅटऱ्या फळीवर ठेवण्यास चाळीस-पन्नास लाख रुपये हवेत. आणि त्या दहा कोणत्या गाडीच्या? ताईची पुंजी तेवढीही नव्हती, मग कर्ज आलें.

दूरदेशींही हा प्रयोग झालेला आहे. शाई अगासी यांनीं 2007 सालीं बेटर प्लेस ही कंपनी काढली आणि इस्रायल व डेन्मार्क येथें ठाणीं उभारलीं. बदलतां येणारी गाडी रेनोची फ्लुअन्स, ती एकच. 2013 च्या मे महिन्यांत कंपनीचें दिवाळें निघालें. त्याच वर्षीं टेस्लानें दीड मिनिटांत बॅटरी बदलून दाखविली, पण पुढें तो नाद सोडला. चीनमध्यें निओ कंपनीनें 2018 पासून हजारों ठाणीं उभारलीं खरीं. पण तेथें गाडी व ठाणें एकाच कंपनीचीं आहेत. आपल्या नीति आयोगानें एप्रिल 2022 मध्यें या विषयाच्या धोरणाचा मसुदा काढला, तोही मुख्यतः दुचाकी व तीनचाकींपुरता. त्यांची बॅटरी दहा-बारा किलोंची असूं शकते; ती हातानें उचलून बदलतां येते.

"मग विंडसर गाडीची बॅटरी कंपनी भाड्यानें देते, ती कशी?" भाच्यानें विचारलें. 2024 सालीं ती गाडी निघाली, तेव्हां बॅटरीचें भाडें दर किलोमीटरला साडेतीन रुपये होतें, हें खरें. पण ती बॅटरी वाटेंत बदलून मिळत नाहीं, गाडींतच राहते. भाड्यानें घेणें व बदलून घेणें यांचा त्याच्या मनांत घोळ झाला होता. त्याचा एक मुद्दा मात्र आम्हांस मान्य करावा लागला. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरांचा. जून 2025 मध्यें तो पूर्ण खुला झाला. मुंबईहून नागपूरला जाणाऱ्यास वाटेंत बॅटरी भरावीच लागते, आणि तेथें पांच मिनिटें व पाऊण तास यांतील अंतर मोठें आहे. परंतु बहुतेक लोक रात्रीं घरींच बॅटरी भरतात. शहरापासून इतक्या जवळच्या या ठाण्यावर ते कशाला थांबतील?

परत येऊन ताईस सांगितलें कीं, मोटारींसाठीं हा पैसा घालूं नये. रिक्षा व स्कूटर यांचें लहानसें ठाणें, बॅटऱ्या पुरविणारी कंपनी मिळाल्यास, पाहण्यासारखें आहे. त्यांतही पुंजीच्या चौथ्या हिश्श्यापलीकडे जाऊं नये. ताई कांहीं बोलली नाहीं. भाचा जेवणाच्या पानावरही गप्प होता. रात्रीं निजानीज झाल्यावर मात्र वही घेऊन आमच्या खाटेपाशीं आला आणि विचारूं लागला, "मामा, रिक्षावाला दिवसांतून किती किलोमीटर हिंडत असेल?" आम्ही म्हटलें, उद्यां सकाळीं चिकलठाण्याच्या नाक्यावर जाऊन त्यांनाच विचारूं.