टोरोंटो की कॅलगरी? एक जमाखर्च



मार्केट यार्डात आयुष्य गेलेल्या बाईला भावांची तुलना नवी नाही. तूरडाळ या गाळ्यावर काय भावानं आणि पुढच्या गाळ्यावर काय, हे आम्ही चालता चालता बघतो. सध्या मात्र माझ्या वहीत दोन शहरं आहेत. मुलगा-सून टोरोंटोत भाड्यानं राहतात. स्वतःचं घर तिथेच घ्यायचं की कॅलगरीला जायचं, हे दिवाळीपर्यंत ठरवायचंय. डाऊन पेमेंटसाठी आमची एक मुदत ठेव मोडणार आहे, म्हणून बी.कॉम.ची पदवी पुन्हा कामाला लावली.

आधी उघड फरक. टोरोंटोत खरेदीवर १३ टक्के कर, कॅलगरीत फक्त ५. हजार डॉलरच्या फर्निचरवर ८० डॉलर वाचतात. भाजी, दूध, पिठावर दोन्हीकडे कर नाही. खरा फरक घराचा. कॅलगरीत घरं बरीच स्वस्त. शिवाय टोरोंटो शहरात घर घेताना आपल्या मुद्रांक शुल्कासारखे दोन कर लागतात, एक प्रांताचा, एक महापालिकेचा. आठ लाख डॉलरच्या घरावर दोन्ही मिळून सुमारे २५,००० डॉलर. पहिलं घर म्हणून सूट मिळाली तरी साडेसोळा हजार जातातच. कॅलगरीत हा कर नाही, नोंदणीचं शुल्क तेवढं.

आता नावेची बाजू. कॅलगरीचं बरंचसं अर्थकारण तेलावर. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले तेव्हा तिथे हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. एकाच मालावर गाळा चालवणाऱ्याची धाकधूक यार्डात कुणाला सांगायला नको. थंडीत पारा उणे तीसपर्यंत उतरतो. डिसेंबरात सूर्य साडेचारलाच मावळतो, पण टोरोंटोतही पावणेपाचच्या आतच. त्यामुळे सुनेचा चौविहार दोन्हीकडे ऑफिसातल्या डब्यावरच.

वहीत कॅलगरी पुढे होती. मग मुलानं तिथल्या घरांचे फोटो पाठवले. चार बेडरूम, खाली तळघर, दोन गाड्यांचं गॅरेज. माणसं तीन! एवढं घर गरम ठेवायचं, त्याचा घरपट्टीसारखा कर भरायचा, दुसरी गाडी, तिचा विमा. करात वाचलेले पैसे दोन-तीन वर्षांत तिथेच जिरतील. स्वस्त मिळतंय म्हणून कुणी पोतंभर डाळ घेत नाही, घरात खाणारी तोंडं किती ते आधी बघतो. परिग्रह-परिमाण व्रतात तरी दुसरं काय आहे? भाव विचारण्याआधी मर्यादा ठरवायची.

म्हणून मुलाला कळवलं: कॅलगरीला जायचं तर जा. पण घर तीन खोल्यांचं, ट्रेनच्या स्टेशनजवळ, गाडी एकच आणि सहा महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात. तरच ठेव मोडू.

सुनेचा कल टोरोंटोकडे आहे. नातीची पाठशाळा, मंदिर, मराठी मंडळ, अडीअडचणीला धावणाऱ्या मैत्रिणी सगळं तिथे. हे कुठल्या रकान्यात लिहू? पण नवीन गावी पहिला हिवाळा तिलाच काढायचाय. तिचं मन होत नाही तोवर ठेव बँकेतच राहील, हेही मुलाला सांगितलंय.